कॉर्नवॉलच्या संसदीय मतदारसंघांच्या सीमांचा इतिहास कसा शोधावा

इंग्लंडमधील एखाद्या काउंटीच्या मतदारसंघांचा इतिहास लिहायला घेतला की पहिली ठेच बहुधा नावालाच लागते. कॉर्नवॉलमधील ‘पेन्रिन आणि फाल्मथ’ हे नाव १८३२ ते १९५० या काळातल्या कागदपत्रांत सलग आढळते. त्यामुळे तो एकच मतदारसंघ होता आणि त्याची हद्द अधूनमधून थोडी सरकली असावी, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात १९१८ पर्यंत तो एकमेकींना लागून असलेल्या दोन बंदरांच्या गावांपुरता होता, आणि १९१८ नंतर त्याच नावाखाली ट्रूरो आणि सेंट ऑस्टेल ही शहरे सामावून घेणारा विस्तीर्ण मतदारसंघ उभा राहिला. मी स्वतः सुरुवातीला या दोन्ही काळांतले निकाल एकाच तक्त्यात एकाखाली एक मांडले होते आणि मते एकदम इतकी का वाढली याची कारणे शोधत बसलो होतो. मताधिकार वाढला, हे एक कारण खरे होते, पण मुळात तो प्रदेशच वेगळा होता, हे दुसरे कारण माझ्या ध्यानात फार उशिरा आले.

म्हणून या कामाचा एकच नियम धरून चालावे. नाव, हद्द आणि तारीख या तीन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवाव्यात, आणि कोणतीही हद्द ज्या कायद्याने किंवा आदेशाने ठरली त्याच्या अनुसूचीशी जोडल्याखेरीज ती खरी मानू नये. नकाशा नेहमी अनुसूचीनंतर पाहावा. नकाशा हा अनुसूचीवरून कुणीतरी काढलेला अर्थ असतो आणि अर्थ काढताना चुका होतात.

कॉर्नवॉल हे उदाहरण मी दोन कारणांसाठी निवडले आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला तीन बाजूंनी समुद्र आणि चौथ्या बाजूला जवळजवळ सबंध टेमर नदी, अशी या काउंटीची ठेवण असल्यामुळे बाहेरची हद्द फारशी हलत नाही आणि आतले बदल स्वच्छ दिसतात. दुसरे असे की, ४४ खासदारांपासून ५ पर्यंत आणि तिथून परत ६ पर्यंत असा इतका मोठा चढउतार इंग्लंडमध्ये क्वचितच पाहायला मिळतो.

आधी कालखंडांची चौकट आखा

शोधाला बसण्यापूर्वी एका मोठ्या कागदावर सीमा बदलल्याची वर्षे उभी मांडून घ्यावीत. कॉर्नवॉलपुरती ती १८३२, १८६८, १८८५, १९१८, १९५०, १९७४, १९८३, १९९७, २०१० आणि २०२४ अशी आहेत. यांपैकी १८६८ साली फक्त बॉडमिन बरोची (बरो म्हणजे काउंटीपासून वेगळे प्रतिनिधी पाठवणारे सनदी गाव) एक जागा कमी झाली. १९५५ च्या निवडणुकीपूर्वीही पुनर्विलोकन झाले होते, म्हणून ते वर्ष कंसात ठेवावे.

या ठिकाणी एक सावधगिरी बाळगावी लागते. वर दिलेली वर्षे नव्या सीमांवर पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली त्यांची आहेत, सीमा कायद्याने ठरल्या त्यांची नव्हेत. या दोहोंत कधी कधी बरेच अंतर असते. सीमा आयोगाचा दुसरा नियतकालिक अहवाल १९६९ साली आला. तेव्हाच्या मजूर सरकारने त्याची अंमलबजावणी होऊ दिली नाही. १९७० च्या निवडणुकीनंतर आलेल्या हुजूर सरकारने आदेश संमत करून घेतले आणि नव्या सीमा प्रत्यक्षात वापरल्या गेल्या त्या फेब्रुवारी १९७४ मध्ये. मधल्या पोटनिवडणुका जुन्याच हद्दींवर झाल्या, कारण नवा आदेश पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपासूनच लागू होतो. त्यामुळे चौकटीत अहवालाचे वर्ष, कायद्याचे किंवा आदेशाचे वर्ष आणि पहिल्या निवडणुकीचे वर्ष असे तीन रकाने ठेवावेत.

१८३२ पूर्वीचा काळ: सीमा नव्हे, सनदा शोधा

१८३२ पूर्वी कॉर्नवॉलमधून ४४ खासदार निवडून जात. काउंटीचे दोन आणि २१ बरोंचे प्रत्येकी दोन, असा तो हिशेब होता. याच्या तुलनेत १७०७ च्या विलीनीकरणानंतर सबंध स्कॉटलंडला मिळालेल्या जागा ४५ होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. मध्ययुगात इथे बॉडमिन, हेल्स्टन, लॉन्सेस्टन, लिस्कार्ड, लॉस्टविथिएल आणि ट्रूरो एवढ्या सहाच बरो होत्या. उरलेल्या पंधरांना सोळाव्या शतकात ट्यूडर राजवटीत प्रतिनिधित्व मिळाले. राजघराण्याच्या डची ऑफ कॉर्नवॉल या जहागिरीमुळे या भागात दरबाराचे वजन होते आणि दरबाराला सोयीचे सभासद निवडून आणणे शक्य होते, हे त्यामागचे एक कारण मानले जाते.

या काळासाठी नकाशा शोधत बसणे व्यर्थ आहे. बरोची हद्द बहुतेक वेळा रेषेने ठरलेली नसे. मत कोणाला, हे ठरलेले असे. कुठे स्थानिक कर भरणाऱ्याला मत होते, कुठे ठरावीक जुन्या घरांच्या मालकांना, तर कुठे नगरपालिकेच्या सभासदांना. म्हणून प्रत्येक बरोसाठी आधी मताधिकाराचा प्रकार नोंदवावा. ‘हिस्टरी ऑफ पार्लमेंट’ या संशोधन प्रकल्पाच्या संकेतस्थळावर मतदारसंघनिहाय लेख विनामूल्य वाचता येतात. या टप्प्यावर त्यांच्याइतका भरवशाचा आधार दुसरा नाही.

उदाहरणादाखल मिचेल घ्यावे. हे खेडे स्वतःची पॅरिशही (चर्चच्या कारभारातून आलेला लहानात लहान स्थानिक विभाग) नव्हते. सेंट न्यूलिन ईस्ट आणि सेंट इनोडर या दोन पॅरिशच्या शिवेवर ते वसलेले होते. मूठभर मतदारांचे हे गाव दोन खासदार पाठवी. मराठी वाचकाला या खेड्याची ओळख वेगळ्या वाटेने पटेल. प्लासीच्या आधी, १७५४ साली, रॉबर्ट क्लाइव्ह इथूनच निवडून आला होता आणि पुढच्याच वर्षी निवडीला आव्हान देणाऱ्या अर्जावरील निर्णयामुळे त्याला जागा सोडावी लागली. पुढे १८०७ मध्ये काही महिने इथला खासदार होता आर्थर वेलस्ली, म्हणजेच १८०३ साली आजच्या जालना जिल्ह्यातील आसई येथे शिंदे आणि भोसले यांच्या फौजांशी लढलेला सेनापती. असली नावे बरोच्या इतिहासात वारंवार भेटतात, पण सीमा शोधणाऱ्याने त्यांच्यात फार गुंतू नये. त्यांचा उपयोग एवढाच की जागा कोणाच्या हातात होती, याचा माग लागतो.

ईस्ट लू आणि वेस्ट लू हे दुसरे उदाहरण. एका नदीच्या दोन काठांवरची ही दोन लहान गावे एका पुलाने जोडलेली होती आणि दोघांचे मिळून चार खासदार होते. लॉन्सेस्टन आणि त्याला अगदी खेटून असलेले न्यूपोर्ट यांचीही तीच कथा.

या व्यवस्थेला पहिला तडा १८३२ च्या आधीच गेला होता. लाचखोरी सिद्ध झाल्यामुळे ग्रॅम्पाउंडचे प्रतिनिधित्व १८२१ च्या कायद्याने काढून घेण्यात आले आणि त्या दोन जागा यॉर्कशायर काउंटीला देण्यात आल्या. १८३२ च्या आरंभीचा आकडा लिहिताना ४४ ऐवजी ४२ लिहावा, तो यामुळे. लोकप्रिय लेखनात ही चूक हमखास आढळते.

१८३२: पहिल्यांदा रेषा दिसते

१८३२ च्या संसदीय सुधारणा कायद्याने उरलेल्या वीस बरोंपैकी १३ एका फटक्यात रद्द केल्या. बॉडमिन, ट्रूरो आणि पेन्रिन-फाल्मथ यांना दोन-दोन जागा राहिल्या. हेल्स्टन, लॉन्सेस्टन, लिस्कार्ड आणि सेंट आइव्ज यांना एकेक मिळाली. काउंटीचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग होऊन प्रत्येकाला दोन जागा मिळाल्या. एकूण बेरीज १४ येते. आपल्या तक्त्यातली बेरीज प्रत्येक कालखंडासाठी अशीच करून पाहावी. ती जुळली नाही तर एखादी बरो निसटली आहे किंवा दुहेरी जागा एकेरी धरली गेली आहे, असे समजावे.

इथे दोन कायदे शेजारी ठेवून वाचावे लागतात. कोणाला किती जागा, हे मुख्य सुधारणा कायद्यात आहे. बरोच्या हद्दी कुठून कुठे जातात, हे त्याच वर्षीच्या वेगळ्या सीमा कायद्यात आहे. सीमा कायद्यातले वर्णन आपल्याकडच्या जुन्या चतुःसीमेच्या भाषेची आठवण करून देते: अमुक रस्ता अमुक कुंपणाला मिळतो त्या बिंदूपासून ओढ्याच्या काठाने पुलापर्यंत, तिथून सरळ रेषेत पुढच्या खुणेपर्यंत, अशी ती रेषा शब्दांतून चालत जाते. हे वर्णन एकट्याने वाचून डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. त्यासाठी रॉयल इंजिनियर्सच्या रॉबर्ट डॉसन यांच्या देखरेखीखाली तयार झालेले बरोंचे नकाशे घ्यावेत. त्यांत जुनी आणि प्रस्तावित अशा दोन्ही हद्दी वेगळ्या रंगांत दाखवलेल्या असतात. ट्रूरोची जुनी बरो मुख्यतः सेंट मेरी या छोट्या पॅरिशपुरती होती, पण वस्ती केनविन आणि सेंट क्लेमंट या शेजारच्या पॅरिशमध्ये केव्हाच पसरली होती. नव्या हद्दीने त्या पसरलेल्या शहराला कवेत घेतले. लॉन्सेस्टनच्या नव्या हद्दीत न्यूपोर्ट आले, म्हणजे न्यूपोर्ट ‘रद्द’ झाले हे खरे असले तरी त्याची जमीन बरोच्या बाहेर पडली नाही. रद्द झालेल्या प्रत्येक बरोची जमीन पुढे कुठे गेली, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा.

काउंटीच्या दोन भागांचे वर्णन मात्र ‘हंड्रेड’ या जुन्या विभागांत केलेले आहे. कॉर्नवॉलमध्ये असे नऊ हंड्रेड होते. या काळातल्या नकाशावर बरो ही काउंटी-मतदारसंघाच्या पोटातली बेटे असतात, आणि काउंटी-मतदारसंघ म्हणजे बेटे वगळून उरलेला भाग, इतका साधा हिशेबही नसतो, कारण बरोच्या हद्दीत जमीन असलेल्या काही मालकांना काउंटीसाठीही मत देता येई. हा मुद्दा तळटिपेत लिहून पुढे जावे. त्याच्या मागे लागल्यास महिना जातो.

१८८५ आणि १९१८: पॅरिश हे एकक धरा

१८८५ च्या पुनर्वाटप कायद्याने बरोंची सद्दी संपवली. कॉर्नवॉलचे सहा एकसदस्यीय विभाग झाले आणि पेन्रिन-फाल्मथची बरो एका जागेसह टिकली; एकूण सात. यांपैकी बहुतेक विभागांना कायद्यात दोन-दोन नावे आहेत, उदाहरणार्थ ‘पश्चिम अथवा सेंट आइव्ज विभाग’, ‘वायव्य अथवा कॅम्बोर्न विभाग’, ‘ईशान्य अथवा लॉन्सेस्टन विभाग’. वर्तमानपत्रे यांपैकी कोणतेही नाव वापरीत, म्हणून शोध दोन्ही नावांनी घ्यावा. शिवाय सेंट आइव्ज, बॉडमिन, ट्रूरो आणि लॉन्सेस्टन ही नावे आधीच्या बरोंचीच असल्यामुळे १८८५ च्या रेषेवर ठळक आडवी खूण करावी. रेषेच्या वरचे सेंट आइव्ज म्हणजे एक गाव व त्याचा परिसर, खालचे म्हणजे पेन्झन्ससह काउंटीचे सबंध पश्चिम टोक.

याच टप्प्यावर कामाचे एकक ठरवावे, आणि ते पॅरिश असावे असे माझे ठाम मत आहे. हंड्रेड, न्यायदानाचे विभाग, १८९४ नंतरचे नागरी व ग्रामीण जिल्हे, १९७४ नंतरचे कॅरेडन, कॅरिक, केरियर, नॉर्थ कॉर्नवॉल, पेनविथ व रेस्टॉर्मेल हे सहा जिल्हे आणि १ एप्रिल २००९ पासूनची एकच कॉर्नवॉल कौन्सिल, असे वरचे थर दर दोन पिढ्यांनी बदलत गेले. पॅरिशही बदलली, पण त्यामानाने कमी. प्रत्येक अनुसूचीतला मजकूर पॅरिशच्या पातळीपर्यंत उतरवून घेतला म्हणजे वेगवेगळ्या काळांची तुलना शक्य होते. पोर्ट्समथ विद्यापीठाशी संबंधित ‘व्हिजन ऑफ ब्रिटन’ हे संकेतस्थळ यासाठी फार उपयोगी आहे, आणि स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने मांडलेले जुने ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे आजच्या नकाशावर ठेवून पाहता येतात. मूळ कागद हाताळायचे असतील तर रेडरूथ येथे २०१९ मध्ये उघडलेले ‘क्रेसेन केर्नो’ हे अभिलेखागार गाठावे.

१९१८ मध्ये सातच्या पाच जागा झाल्या. हा आकडा कुठून आला, हे स्वतः हिशेब करून पाहण्यासारखे आहे. त्या पुनर्वाटपात साधारण ७०,००० लोकसंख्येमागे एक जागा हे सूत्र होते आणि १९११ च्या जनगणनेत कॉर्नवॉलची लोकसंख्या सुमारे ३,२८,००० होती; भागाकार ४.७ च्या आसपास येतो, म्हणजे पाच. त्याच्या मुळाशी गेले की खाणी दिसतात. १८६१ मध्ये हीच लोकसंख्या ३,६९,००० च्या घरात होती. तांब्याचा आणि नंतर कथिलाचा धंदा बसला, खाणकामगार कुटुंबांसह दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशा देशांत निघून गेले, आणि त्या स्थलांतराचा परिणाम मतदारसंघांच्या नकाशावर अर्ध्या शतकाने उमटला.

एका गावाचा माग काढून पाहा

आता चौकट तपासण्यासाठी एक ठिकाण निवडून ते सर्व कालखंडांतून चालवावे. ट्रूरो शहराची नोंद अशी होईल. १८३२ पूर्वी ट्रूरो बरो, दोन खासदार; १८३२ पासून विस्तारलेली ट्रूरो बरो, दोनच खासदार; १८८५ पासून काउंटीचा ट्रूरो विभाग, एक खासदार; १९१८ पासून पेन्रिन आणि फाल्मथ; १९५० पासून पुन्हा ट्रूरो; १९९७ पासून ट्रूरो आणि सेंट ऑस्टेल; २०१० पासून ट्रूरो आणि फाल्मथ. शहर जागचे हलले नाही, पण नाव बत्तीस वर्षे यादीतून नाहीसे झाले होते. ज्याने ‘ट्रूरो मतदारसंघाचा सलग इतिहास’ लिहायला घेतला असेल त्याने इथेच थांबून विचार करावा. आपल्याकडे राजापूर हे लोकसभेचे नाव २००८ च्या पुनर्रचनेत गेले, पण राजापूरचे मतदार रत्नागिरी-सिंधुदुर्गात मतदान करीतच राहिले, तसेच हे.

न्यूक्वेचाही माग काढावा. ते आधी नॉर्थ कॉर्नवॉलमध्ये होते आणि २०१० मध्ये काउंटीला सहावी जागा मिळाल्यावर सेंट ऑस्टेल आणि न्यूक्वे या नव्या मतदारसंघात गेले. बॉडमिन हे नाव तर तेराव्या शतकापासून चालत आलेले १९८३ मध्ये संपले. त्याच्या अखेरच्या काळात, फेब्रुवारी १९७४ मध्ये, लिबरल पक्षाचे पॉल टायलर इथून अवघ्या नऊ मतांनी निवडून आले होते. एवढ्या निसटत्या निकालात एखादी पॅरिश इकडची तिकडे असती तर काय झाले असते, हा प्रश्न मनात येतोच, पण त्याला उत्तर देण्याइतके तपशील मतमोजणीतून मिळत नाहीत. ब्रिटनमध्ये मतदान केंद्रांनुसार मते जाहीर होत नाहीत. आपल्याकडच्या बूथनिहाय आकड्यांची सवय असलेल्या अभ्यासकाने हे आधीच जाणून असावे.

आयोगाचा काळ आणि टेमरची रेषा

१९४४ च्या कायद्याने कायमस्वरूपी सीमा आयोग नेमले गेले, आणि तिथून पुढे संशोधकाचे काम सोपे होते, कारण अहवालांत केवळ निर्णय नव्हे तर कारणेही असतात. १९८७ नंतरचे आदेश सरकारी कायदे-संकेतस्थळावर संपूर्ण वाचता येतात. कॉर्नवॉलसाठी १९९५, २००७ आणि २०२३ चे आदेश उतरवून घ्यावेत. त्यातही आदेशात उल्लेखलेले वॉर्ड किंवा निर्वाचन-विभाग कोणत्या तारखेला होते तसे धरले आहेत, ते कलम शोधून काढावे. स्थानिक हद्द नंतर बदलली तरी मतदारसंघाची हद्द आपोआप बदलत नाही.

हिशेबाच्या बाबतीत एक फरक लक्षात ठेवावा. भारतात परिसीमन लोकसंख्येवर चालते, इंग्लंडमध्ये आजची गणना नोंदणीकृत मतदारांवर. २०११ च्या कायद्याने सभागृहाच्या जागा ६५० वरून ६०० करण्याचे आणि प्रत्येक मतदारसंघ सरासरीच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवण्याचे ठरवले. सरासरी ७६,६४१ आली, म्हणजे मर्यादा ७२,८१० ते ८०,४७३. आता गुणाकार करावा. पाच मतदारसंघांत जास्तीत जास्त ४,०२,३६५ मतदार मावतात आणि सहा मतदारसंघांना किमान ४,३६,८६० लागतात. कॉर्नवॉलची मतदारसंख्या नेमकी या दोहोंच्या मधल्या खाईत पडली. परिणामी डेव्हनमधील बिडेफर्ड आणि कॉर्नवॉलमधील ब्यूड यांना जोडणारा मतदारसंघ प्रस्तावित झाला. त्याआधी, २०१० मध्ये विधेयक चर्चेत असतानाच, ‘कॉर्नवॉल अखंड ठेवा’ अशी चळवळ उभी राहिली होती. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी ती टेमर आहे, अॅमेझॉन नव्हे, अशा आशयाचे उद्गार काढून आगीत तेल ओतले. ज्या कॉर्निश लोकांना २०१४ मध्ये राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून मान्यता मिळाली त्यांना नदी म्हणजे केवळ पाणी वाटत नाही, हे त्यांनी ओळखायला हवे होते.

तो प्रस्ताव आणि २०१८ च्या पुनर्विलोकनातला त्याचा दुसरा अवतार, दोन्ही अमलात आले नाहीत. २०२० च्या कायद्याने ६५० जागा कायम केल्या, सरासरी ७३,३९३ झाली आणि मर्यादा ६९,७२४ ते ७७,०६२. सहा मतदारसंघांसाठी ४,१८,३४४ ते ४,६२,३७२ अशी जागा मोकळी झाली, कॉर्नवॉल आणि त्याच्या शेजारची सिली बेटे तीत बसली आणि टेमर ओलांडावी लागली नाही. अमलात न आलेले हे प्रस्ताव तक्त्यात वेगळ्या शाईने, पण अवश्य नोंदवावेत. जनसुनावणीतली निवेदने वाचली की कोणती वस्ती स्वतःला कोणत्या बाजारपेठेशी आणि कोणत्या रस्त्याशी जोडलेली मानते, हे कळते आणि ते अनुसूचीत कधीच सापडत नाही.

राहता राहिली काउंटीची बाहेरची रेषा. टेमर ही सीमा म्हणताना वेरिंग्टन आणि नॉर्थ पेदरविन या पॅरिश तपासून घ्याव्यात. नदीच्या पश्चिमेस असूनही त्या १९६६ पर्यंत डेव्हनमध्ये होत्या. त्यांच्या नोंदी शोधताना १९६६ पूर्वीसाठी डेव्हनच्या अनुसूची उघडाव्यात, आणि त्यानंतरच्या नोंदी काउंटी बदलल्याच्या तारखेवरून न धरता मतदारसंघाच्या आदेशावरून धराव्यात. पुढचे पुनर्विलोकन १ ऑक्टोबर २०३१ पर्यंत पूर्ण व्हायचे आहे. तक्त्याच्या उजवीकडे त्यासाठी एक रकाना आताच रिकामा सोडून ठेवावा.